‘उफ्’ आणि ‘इरिटेट’

नागपुरात मोमीनपुरा असो की सिव्हिल लाइन्स, मुलांच्या तोंडी हल्ली एकच शब्द असतो: ‘इरिटेट’. डास, होमवर्क, दादी, सगळेच ‘इरिटेट’ करतात! म्हणून आम्ही वर्गात त्याचे भाऊबंद फळ्यावर लिहितो. ‘अनॉय’ म्हणजे त्रास देणे. ‘इरिटेट’ म्हणजे पुन्हा पुन्हा डिवचणे; कातडीची, डोळ्यांची आगही त्यात येते. ‘एक्झास्परेट’ म्हणजे सहनशक्ती संपवणे. ‘अ‍ॅग्रव्हेट’चा मूळ अर्थ भार वाढवणे, म्हणून दुखणे ‘अ‍ॅग्रव्हेट’ होते.

मग आम्ही एक फरक दाखवतो. ‘मला वैताग आला’ म्हटले, की वैताग आपल्यापाशीच राहतो. ‘दादी मला इरिटेट करते’ म्हटले, की तो दादीवरचा आरोप होतो. गुडघे धरलेली दादी चौथ्यांदा पाणी मागते, तेव्हा तिचा गुन्हा तो काय? पण हे कानावर पडले, की ती पाणी मागणेच सोडते.

सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत म्हाताऱ्या आई-वडिलांना ‘उफ्’ म्हणायलाही मनाई आहे. ‘उफ्’ तर नुसता उद्गार. ‘इरिटेट’ त्याहून कितीतरी जड. डासांसाठी तो शब्द खुशाल वापरा, मुलांनो. दादीला मात्र पाचव्यांदाही पाणी द्या.