कुकडीच्या पात्रात

दौंडहून मी आणि भाईजान शिरूरला निघालो होतो, अब्बांच्या जमिनीच्या वाटणीचे कागद करायला. तीन वर्षांचा अबोला. गाडीत फक्त रेडिओ बोलत होता. साक्षीदार दुपारी येणार होते. भाईजाननं न विचारताच गाडी टाकळी हाजीकडं वळवली. गावाच्या नावातला हा हाजी कोण, हे अब्बा दर वेळी नवंच सांगायचे!

कुकडीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं पारनेरचं निघोज आणि मळगंगेचं देऊळ. मधे पात्रातल्या काळ्या बसाल्टात रांजणच रांजण कोरलेले. कुणी कोरले? पुराच्या भोवऱ्यात अडकलेल्या दगडगोट्यांनी, हजारो वर्षं जागच्या जागी गरगरत. एका खळग्यात वाकून पाहिलं. तळाशी गोटे होते, अंड्यासारखे गुळगुळीत. खडक कोरता कोरता तेही झिजलेले.

"मागं हो, शेवाळ आहे," म्हणत भाईजाननं माझं मनगट घट्ट धरलं. लहानपणी इथंच अब्बा दोघांची मनगटं अशी धरायचे. गाडीपर्यंत त्यानं ते सोडलं नाही.

कागद त्या दिवशी झालेच. विहीर तेवढी सामाईक ठेवली.