फळ्या आणि ओल

गेल्या वर्षी धुळ्याला आमच्या तळघरात दादरची पोती ठेवायला सिमेंटच्या जमिनीवरच फळ्या ठोकून घेतल्या. खिळे वाकले, टवके उडाले, पण बसल्या एकदाच्या. पावसाळा सरल्यावर पाहते तो फळ्या खालून कुजलेल्या, पोत्यांना बुरशी! वर्षाचं धान्य गेलं. सासूबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "जमीन बी पानी पेस, माय."

यंदा आधी प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीला चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला. खाली दंव साचलं! मग जाड प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर लाकडी पट्ट्या. ड्रिलनं भोकं पाडून गुट्ट्या बसवल्या, स्क्रू आवळले. वर फळ्या, मध्ये वाऱ्याला वाट.

दिवाळीत पोतं उघडलं. दादर कोरडी ठणठणीत! पहिली भाकरी सासूबाईंनीच थापली.