नित्य प्रार्थनेची संवय

प्रभूची प्रार्थना मुलांस इतकी तोंडपाठ असते कीं, अर्ध्या मिनिटांत तिचा शेवट येतो. हें पाहून कांहीं पालक आम्हांस विचारतात, अशा पोपटपंचीपासून लाभ तो कोणता? प्रश्न रास्त आहे. तथापि आमचें उत्तर असें कीं, पाठ आहे ती असूं द्यावी. कित्ता गिरवितांना मुलाचें लक्ष अर्थाकडे नसतें. हात मात्र वळत असतो, आणि पुढें स्वतःचें पत्र लिहावयाची वेळ येते तेव्हां तोच वळलेला हात कामास येतो. ज्यांच्या घरीं तिन्हीसांजेस दिव्याजवळ शुभंकरोति किंवा हरिपाठ होतो, त्या पालकांस तर हें आम्हीं सांगावयास नकोच.

प्रार्थना शिकावी लागते, ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायांत स्पष्ट दिसते. बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांस प्रार्थना शिकवीत असे. तसें शिक्षण आपणासहि मिळावें अशी विनंती प्रभूच्या एका शिष्यानें केली. हे शिष्य प्रार्थनेस अनोळखी नव्हते. यहूदी घरांत लहानाचे मोठे झालेले होते. तरी त्यांस विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

दानीएलाची गोष्ट सांगतांना मुलें एकदम सिंहांच्या गुहेंत उडी घेतात. (यांत थोडा दोष चित्रांच्या पुस्तकांचाहि आहे.) आम्हांस त्या गोष्टीचें मर्म गुहेच्या अलीकडेच सांपडतें. तीस दिवसपर्यंत राजावांचून कोणाजवळहि मागणें करूं नये, असा हुकूम निघाला. तो कळतांच दानीएल घरीं गेला. यरुशलेमेच्या दिशेस उघडणाऱ्या खिडक्यांपाशीं, माडीवर, दिवसांतून तीन वेळां त्यानें गुडघे टेकले. आणि पूर्वीपासून त्याचा क्रम असाच होता, असें ग्रंथांत सहज म्हणून सांगितलें आहे. आमच्या मतें सारी गोष्ट या लहानशा वाक्यांत आहे. धैर्य कोठून आणावें याचा विचार करीत त्यास बसावें लागलें नाहीं. पायांस माडीची वाट ठाऊक होती.

आतां वेळ आणि स्थळ यांविषयीं. मार्कच्या पहिल्या अध्यायांत, ज्या संध्याकाळीं सारें नगर दाराशीं लोटलें, तिच्या दुसऱ्या दिवशीं प्रभु मोठ्या पहांटेस उठून एकांतांत गेला असें आहे. म्हणजे आदल्या दिवसाचा शीण ही त्यानें सबब केली नाहीं. परंतु एकांत आणावा कोठून? दार लावून प्रार्थना करावी हा उपदेश खरा. पण आमच्या कितीएक विद्यार्थ्यांच्या घरीं खोलीच एक, व तिच्यांत माणसें सहा. जॉन वेस्लीची आई सुझाना हिला एकूणीस मुलें झालीं. गजबजलेल्या घरांत ती आपलें पुढचें वस्त्र डोक्यावरून ओढून घेई व त्याच्या आडोशास प्रार्थना करी, असें सांगतात. आमची आजी या बाईचें नांवहि न ऐकतां हेंच करीत असे. चुलीवर भाकरी टाकण्यापूर्वीं ती पदर पुढें ओढी, आणि तेवढा वेळ तिला कोणी हांक मारीत नसे. आम्हां मुलांस कोणी तसें बजावलें होतें असें नाहीं; पदर पुढें आला कीं गलका आपोआप थांबे.

आरंभ थोडक्यावर करावा. पहिल्याच दिवशीं अर्धा तास बसणारा मुलगा चौथ्या दिवशीं बहुधा बसत नाहीं. रोज पांच मिनिटें व एक स्तोत्र पुरे. स्तोत्रें 150 आहेत, म्हणजे सुमारें पांच महिन्यांत एक फेरी होते. 119 वें स्तोत्र फार लांब आहे, त्याचीं 176 वचनें आहेत. त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग पडतात, ते एकेक करून घ्यावे. उठण्यासाठीं मोबाईलचा गजर लावण्यास हरकत नाहीं. गजर बंद करून तो हातावेगळा ठेवावा, एवढेंच. घरांतील वडील माणसांनीं आठवड्यांतून एक वेळ तरी मुलांबरोबर बसून गावें. 1895 सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भजनास अभंग आणि ओवीचें रूप दिलें, त्यामुळें पेटी नसली तरी घरांत गाणें अडत नाहीं.

परंतु संवयीचा खरा कस दुसऱ्याच ठिकाणीं लागतो. कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहांतील नववीचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. त्याचे वडील पावसाळाभर अंथरुणावर होते. घरांत सर्वांनीं रोज रात्रीं प्रार्थना केली, आणि दसऱ्याच्या सुमारास वडील गेले. "सर, आतां कशासाठीं करावयाची?" असें त्यानें विचारिलें. 'देवाची इच्छा' इतकेंच बोलून त्यास परत पाठविणें आम्हांस निर्दयपणाचें वाटलें. आम्हीं त्याच्यापुढें मत्तयाचा 26 वा अध्याय उघडून ठेविला. गेथशेमाने येथें प्रभूनें एकच मागणें तीन वेळां केलें, आणि तो प्याला टळला नाहीं. तिसऱ्या वेळीं तर शब्दहि तेच होते; नवे शब्द त्या रात्रीं त्यानेंहि शोधले नाहींत. मुलगा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला म्हणवतच नाहीं."

"तर म्हणूं नकोस," आम्ही बोललों, "पण उभा राहा. आपण पित्यास 'आमच्या' म्हणतों, 'माझ्या' म्हणत नाहीं. तुझ्या वांट्याचें बाकीचे म्हणतील."

मार्चअखेर तो ओठ मिटून उभा राहत असे, आणि आम्ही त्याच्याकडे न पाहण्याची खबरदारी घेत असूं. जूनमध्यें पांचवीचा एक नवा मुलगा वसतिगृहांत आला. त्यास प्रार्थना येत नव्हती व सायंकाळीं सर्वांबरोबर उभें राहण्याची लाज वाटे. तिसऱ्या कीं चौथ्या संध्याकाळीं आमच्या कानीं आलें, तें हें कीं, त्याच्या मागें उभा राहून कोणी तरी एकेक ओळ हलक्या आवाजांत, त्यास आपल्या मागून म्हणतां यावी इतक्या सावकाश, सांगत आहे. तो आवाज आमच्या ओळखीचा होता.