आधी ब्रेक, मग इंजिन

अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजांमध्ये साठच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या, आजही खोलल्या जातात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, इंजिन साखळीने उचलून बाहेर काढले जाते, काळवंडलेले क्रोम पुन्हा झळाळते. या गाड्यांचे रूपच असे की गाडी नुसती उभी असली तरी निघायच्या बेतात वाटते, आणि त्या आठ सिलिंडरांची खर्जातली धडधड कानाआधी छातीला कळते. अशी गाडी पुन्हा उभी करताना कारखान्यातून आली तशीच, स्क्रूसकट ठेवावी, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तिच्यात सुधारणा करण्याचा हक्क तिच्या जन्मकथेनेच दिलेला आहे.

१९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ पाहा. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा पॉन्टिअॅकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, दंडक होता. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. टेम्पेस्ट ल मान्ससाठी एक ऐच्छिक पॅकेज जाहीर केले आणि त्यातून मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन त्या लहान अंगात बसवले. कागदावर ताकद ३२५ अश्वशक्ती. (त्या काळची मोजणी आजच्यापेक्षा उदार होती, हेही खरे.) म्हणजे जिला आपण अस्सल म्हणून जपतो ती गाडी मुळात एक फेरफारच होती. पण तो फेरफार अर्धाच झाला. इंजिन वाढले, ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच राहिले. लांब उतारावर ड्रम तापतो, फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरकतो. पेडल खाली खाली जाते आणि गाडी थांबत नाही. पाण्यातून गेल्यावर एक चाक आधी धरते, दुसरे मागाहून. याहून वाईट म्हणजे मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. कुठेही एक रबरी होज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. १९६७ च्या जीटीओला कंपनीने स्वतःच दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर दिला आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा पर्याय ठेवला. तीन वर्षांनी कारखान्याला जे उमगले, ते आज घरच्या गॅरेजमध्ये केले तर तो गाडीचा अपमान कसा?

अस्सलपणाच्या आग्रहातही तथ्य आहे. मूळ इंजिनाची, मूळ रंगाची, फारशी न चाललेली गाडी हा दस्तऐवज असतो; तिला पाना लावू नये, पुसून ठेवावी. पण घरी दुरुस्तीला येतात त्यांतल्या बहुतेक गाड्या गंजाने खाल्लेल्या, भाग बदललेल्या, दोन-तीन हातांतून गेलेल्या असतात. शिवाय सुधारणा म्हणजे मोडतोड नव्हे. मूळ स्पिंडलवर बसणारे डिस्कचे संच मिळतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसते, बाहेरून कळतही नाही. शिशाचे पेट्रोल गेल्यावर व्हॉल्व्हच्या सीट झिजू लागल्या. हेड उतरवलेच आहे तर तिथे कठीण पोलादाच्या सीट बसवणे ही दुरुस्तीच झाली. काढता न येणारे बदल, म्हणजे चासी कापणे, पत्र्यात नवी भोके पाडणे, यांना माझा विरोध आहे.

मग नवीच गाडी का घेऊ नये, असे कुणी विचारील. नवी गाडी अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि काटकसरीची आहे, हे मान्य. पण पेडलापासून चाकापर्यंतची प्रत्येक हालचाल जिथे माणसाला पाना हातात घेऊन समजून घेता येते अशी गाडी आता कोणी बनवत नाही. हे समजणे गाडी चालवूनच पुरे होते. कापडाखाली झाकलेली गाडी ते देत नाही.

तेव्हा घरी असे काम काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: पैसे हाती आले की आधी कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्टकडे धावू नका. पहिला खर्च ब्रेकवर करा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा. पुढच्या मालकाला तो परत बसवावासा वाटू शकतो.