आधी तिच्याशी बोललीस का?

"मिशनची शाळा आहे, पोरांना वळण लागतं." जूनमध्ये प्रवेशासाठी ऑफिसबाहेर बसलेल्या पालकांना सहज विचारलं, की हेच उत्तर मिळतं. आमच्या नगरकडे हे वाक्य आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेलं आहे, आणि म्हणणारे बहुतेक जण ख्रिस्ती नसतात. ऊस लावणारे, दुकान चालवणारे, एसटीत नोकरीला असलेले. वळण म्हणजे नेमकं काय, असं पुढं विचारलं तर यादी लहान असते. शिव्या देऊ नयेत, उलटून बोलू नये, चारचौघांत प्लीज-थँक्यू म्हणावं. एवढं तर आम्ही दिवाळीच्या सुट्टीच्या आत करून देतो. मुलं चलाख असतात. बाईंसमोर कोणती भाषा वापरायची आणि मुतारीच्या मागे कोणती, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगतं. त्या मागच्या भाषेपर्यंत आमचं वळण पोचत नाही, आणि खरं काम तर तिथंच पडलेलं असतं.

मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवते, मूल्यशिक्षणाचा तास घेते आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची शाळा चालवते. म्हणजे काही मुलं मला दोन्हीकडे भेटतात, एकदा गणवेशात आणि एकदा ठेवणीतल्या कपड्यांत. जिभेविषयीचा आमचा ठरलेला पाठ म्हणजे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय. पाठांतर स्पर्धेलाही तोच. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू आणि लहानशा आगीनं पेटणारं मोठं रान, असे एकामागून एक दाखले त्यात येतात. सुकाणू कशाला म्हणतात ते मला दरवर्षी फळ्यावर काढून दाखवावं लागतं. आग मात्र समजावून सांगावी लागत नाही. तोडणीनंतर पाचट पेटवलेलं, मग वारा फिरलेला आणि शेजारचा उभा ऊस गेलेला, हे ह्या मुलांच्या घरात बोललं गेलेलं असतं, त्यावरून भांडणंही झालेली असतात.

गंमत अशी, की ह्या अध्यायाचं पहिलंच वचन पाठांतराला नसतं. त्यात याकोब म्हणतो की तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होण्याच्या फंदात पडू नये, कारण शिक्षकाचा न्याय जास्त कडक होणार आहे. जिभेचं सगळं प्रकरण त्यानंतर सुरू होतं. म्हणजे आधी त्यानं आम्हालाच उभं केलंय आणि मग बाकीच्यांना. आम्ही मात्र मुलांना दुसऱ्या वचनापासून पुढचं पाठ करायला लावतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली आला आणि त्याच्या कलम 17 नं शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली, निदान कपाटाच्या मागं गेली. मानसिक छळ म्हणजे काय, यावर शिक्षकांच्या खोलीत फारशी चर्चा झाली नाही. "ढ", "मठ्ठ" हे तर झालंच, पण मला जास्त टोचतं ते "तुमच्या वस्तीवरचे सगळे असेच." त्यात एकही वाईट शब्द नाही. कुणी तक्रार केली तर लिहायचं काय? पण ज्याला ते ऐकवलं जातं त्याचं घर, आई-बाप, गल्ली सगळं एका वाक्यात बाकावर उभं केलेलं असतं.

कोणत्या वर्गात काय बोललं जातं ते कळायला मुख्याध्यापकांनी पाहणीला जायची गरज नाही. मधल्या सुट्टीत दुसरी-तिसरीच्या मुली शाळा-शाळा खेळतात, तिकडे कान द्यावा. जी बाई झालेली असते ती पट्टी आपटते, कमरेवर हात ठेवते आणि हुबेहूब सूर काढते. "घरी आईनं हेच शिकवलं का?" सूर ऐकला की कोणाची तुकडी ते लगेच समजतं. एका वर्गातल्या मुली खेळताना "चुकलं तरी चालेल, वाच" असं म्हणत होत्या. त्यांच्या बाई स्वभावानं अबोल आहेत, मूल्यशिक्षणावर त्यांनी कधी भाषण केल्याचं मला आठवत नाही.

आता सॉरीविषयी. दोन मुलं भांडली की त्यांना समोरासमोर उभं करायचं, एकाला सॉरी म्हणायला लावायचं, दुसऱ्याला "माफ केलं" म्हणायला लावायचं, हात मिळवून तासाला परत. ही पद्धत सगळ्याच शाळांत आहे. आमच्याकडे तिला वरून एक धार असते. ज्याला लागलेलं असतं त्यालाच विचारलं जातं, "येशूनं काय सांगितलंय?" मग ते पोर नाक पुसत पुसत सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची गोष्ट सांगतं आणि तंट्याचा निकाल लागतो. घंटेच्या आत क्षमा झालीच पाहिजे, असा आग्रह शुभवर्तमानात कुठं आहे, मला तरी सापडलेला नाही. ज्यानं मारलं तो दोन अक्षरांत सुटतो, आणि ज्यानं खाल्लं त्याच्यावर संत होण्याची जबाबदारी. हे मला पटत नाही. मी माझ्या वर्गात कुणालाही माफ करायला लावत नाही. लागलं असेल तर लागलं आहे म्हणू द्यावं.

सातांच्या सत्तर वेळांचा तो प्रसंग मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच्या जरा आधी, त्याच अध्यायात, भांडण कसं मिटवायचं याची अगदी व्यवहारी रीत दिलेली आहे, आणि ती आमच्याकडे क्वचितच शिकवली जाते. भावानं तुझा अपराध केला तर आधी तू एकटा जा आणि त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मग मंडळीपुढं. आपण बरोबर उलटं करतो. आधी सगळ्या वर्गाला कळतं, मग बाईंना, मग दोघांच्या आयांना, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सर्वांत शेवटी.

म्हणून तक्रार घेऊन कुणी टेबलाशी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधी त्याच्याशी बोललास का? आधी तिच्याशी बोललीस का? ह्या नियमाला अपवाद आहेत आणि ते मी जूनमध्येच वर्गात मोठ्यानं सांगते. मारहाण, नको तिथं हात लावणं, धमकी, पैसे मागणं, किंवा समोर मोठं माणूस असेल तर कुठलीही गोष्ट. तेव्हा कुणाशीही आधी बोलायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं, किंवा तक्रारपेटी आहे. क्षमेच्या नावाखाली मुलांनी अशा गोष्टी पोटात ठेवाव्यात, ही फार वाईट शिकवण होईल. नम्र मूल घडवता घडवता गप्प मूल घडवायला वेळ लागत नाही.

सहावीतली एक मुलगी आली होती. डबा खाताना मैत्रिणीच्या डब्यातली चटणी घ्यायला हिनं हात पुढं केला, तेव्हा ती म्हणाली, "नको लावूस हात. तुमच्यात कायपण खातात." हिचं घर ख्रिस्ती. बाकीच्या हसल्या. ह्यातही शिवी नाही, बघा. वर्गात शिव्यांची यादी लावून दंड ठेवणारे शिक्षक मला माहीत आहेत. हे वाक्य त्या यादीतून सहज सुटलं असतं.

असलं बोलणं मी एकट्या मुलीवर सोडत नाही, वर्गाशी मी बोलणारच होते. पण तिला स्वतः बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. मग मी ती दुसरी मुलगी झाले आणि आम्ही तालीम केली. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "देव तुला बघून घेईल." मी म्हटलं, देवाला मध्ये आणू नकोस, तो काय तुझा मोठा भाऊ आहे का? मग ती एकदम रविवारच्या शाळेतल्या आवाजात गेली, "जाऊ दे, मी तुला माफ केलं आहे." खोटं होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. बऱ्याच घासाघाशीनंतर आलं ते असं, "तू काल सगळ्यांसमोर म्हणालीस की आमच्यात कायपण खातात. मला रात्रभर तेच आठवत होतं. परत म्हणू नकोस." काय झालं, मला काय झालं, मला काय हवं. ह्यात गोडवा काही नव्हता. समोरच्या मुलीला नावं ठेवलेली नव्हती, तिच्या आईबापांचा उद्धार नव्हता, आणि आवाज खाली गेलेला नव्हता. मला त्या आवाजाचंच जास्त पडलं होतं. वाक्य बरोबर आणि मान खाली, असं झालं की समोरचा वाक्य ऐकतच नाही.

पाण्याच्या टाकीजवळ जाऊन ती ते बोलून आली. दुसरी आधी हसली, मग "मस्करी केली गं" म्हणाली, मग काही दिवस दोघींत अबोला. पुढं त्या काही जिवाच्या मैत्रिणी झाल्या नाहीत, पण डब्यावरून पुन्हा कुणी काही बोललं नाही. एके दिवशी त्या दुसऱ्या मुलीची आई मात्र आली आणि मला म्हणाली, "बाई, एवढं काय त्यात? खोटं तर नाही ना बोलली ती?" त्या बाईंशी बोलताना माझाच सूर चढू न देणं हा त्या आठवड्यातला सगळ्यात अवघड तास होता.

आमच्या लोकांसाठी हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, म्हणून मी इतकं ताणते. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 साली मुंबईत सुरू झालं आणि 1831 पासून नगर हे त्याचं मोठं ठाणं झालं. त्याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंच्या नगरच्या मुलींच्या शाळेचं नाव सावित्रीबाई फुल्यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या संदर्भात आजही घेतलं जातं. पण इथल्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार-मांग वस्तीतले. गावात त्यांना नावानं हाक मारली जायची तीही मोडून, शेवटी तुच्छतेचा एक 'या' जोडून. माझ्या आजोबांनी आपलं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट ऐकलं ते शाळेत हजेरी घेताना. म्हातारपणी ते मिशनच्या साहेबांविषयी बऱ्यावाईट दोन्ही गोष्टी सांगायचे, हजेरीविषयी मात्र फक्त चांगलं. म्हणून माझी हजेरी पूर्ण नावानं असते. पट मोठा आहे, चार-पाच मिनिटं जातात, अभ्यासक्रम मागं पडतो म्हणून मला बोलणी बसतात. जाऊ देत.

रविवारच्या शाळेतला एक वेगळाच घोळ सांगण्यासारखा आहे. तिथं मुलं प्रार्थनेच्या विनंत्या सांगतात. आजीचा गुडघा, बाबांची नोकरी, शेळीची पिल्लं, सगळं येतं. पण डोळे मिटले की काहींना टोमण्यासाठी रान मोकळं मिळतं. "हे देवा, अमुकला चोरी न करण्याची बुद्धी दे." आणि अमुक शेजारीच बसलेला! ही कला मुलांनी कुठून उचलली ते सांगायला नको. मोठ्यांच्या प्रार्थनासभेत एकदोघं तर देवाला उद्देशून पूर्ण भाषण ठोकतात आणि ते ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. आमच्याकडे नियम केलाय की दुसऱ्याचा दोष नाव घेऊन देवाला सांगायचा नाही, देवाला माहीत आहे. मुलांनी तो पाळलाय. मोठ्यांना सांगायला मी अजून धजलेले नाही. वार्षिक सभेच्या दिवशी आत पंचांची निवडणूक चाललेली असते आणि बाहेर पायरीवर मुलं असतात. कोण कोणाला सलाम करत नाही, कधीपासून आणि कोणत्या जमिनीपायी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

सातवीची मुलं अडवून विचारतात तेव्हा मजा येते. "बाई, येशू पण हेरोदाला कोल्हा म्हणाला. परूश्यांना तर काय काय म्हणाला. मग आम्हीच का नाही?" प्रश्न चोख आहे. मी त्यांना सांगते की तो कोणाला म्हणाला ते आधी बघा. राजाला, आणि ज्यांच्यापुढं लोक वाकायचे त्यांना. आणि शोमरोनी बाई विहिरीवर भेटली, जिच्या भांड्यातलं पाणी त्याच्या लोकांना चालत नसे, तिच्याकडे त्यानं पाणी मागितलं. आपल्याकडे पाण्यासाठी 1927 साली महाडला काय झालं ते त्यांना इतिहासात असतंच, त्यामुळं मागितलं म्हणजे काय ते त्यांना चटकन कळतं. वर्गात मग मी उलटा हिशोब करायला सांगते. तुम्ही आज कोणाला कडक बोललात, आणि तो तुमच्यापेक्षा मोठा होता की लहान? बहुतेकांचं उत्तर असतं लहान भाऊ, नाहीतर कुत्रं, नाहीतर खिचडी वाढणारी बाई. गोड बोलण्याचा कंटाळा आलेल्या मुलांना मी 'स्मृतिचित्रे'मधले प्रसंग वाचून दाखवते. लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याचीही गय करत नाहीत आणि स्वतःच्या सोवळ्याचीही नाही. कुणाला कमी न लेखताही फटकळ बोलता येतं, ह्याला मराठीत याहून चांगला नमुना मला मिळालेला नाही.

खिचडी वाढणाऱ्या बाईंचं तर अजून चाललंच आहे. सरकारी कागदावर त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस' आहेत. मुलं पूर्वी ताट आपटून "ए, वाढ ना" म्हणायची. आता मावशी म्हणतात, रांगेत एकमेकांना आठवण करून देतात. पण ऑफिसबाहेरच्या फलकावर मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं आहेत, मावशींचं नाही. पाचवीतल्या एका मुलानं ते दाखवून विचारलं तेव्हा माझं लक्ष गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, त्या मानधनावर आहेत आणि फलकावर जागाही उरलेली नाही. जागा खरंच नाही, मी पट्टी घेऊन मोजलं. खाली एक वेगळी पाटी जोडता येईल. पेंटरला दर विचारला आहे, तो म्हणतो अक्षरावर पैसे. मावशींचं नाव वडिलांच्या नावासकट घालायचं की नवऱ्याच्या, हे त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, घरी विचारून उद्या सांगते.