टिपेवर किती, बॉलवर किती

स्नूकर शिकायला आलेल्या मुलांचे आईवडील मला क्यूबद्दल भरभरून विचारतात. ॲशचा घ्यावा की मेपलचा, एकसंध की दोन तुकड्यांचा, वजन किती असावं. चॉकबद्दल मात्र कोणी विचारत नाही. क्लबात जो पडलेला असेल तो लावायचा, असंच सगळे धरून चालतात. प्रशिक्षक म्हणून माझं मत वेगळं आहे. क्यू हाताला बसला की वर्षानुवर्षं बदलावा लागत नाही. चॉक मात्र जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये असतो. आणि तो निवडताना बहुतेक जण अर्धाच प्रश्न विचारतात: टिप घसरणार नाही ना? उरलेला अर्धा प्रश्न असा, की शॉट झाल्यावर बॉलवर काय राहतं?

आधी पहिला अर्धा बघू. स्नूकरची टिप म्हणजे नऊ-दहा मिलिमीटर रुंदीचा चामड्याचा छोटा घुमट. बॉल 52.5 मिलिमीटर व्यासाचा, गुळगुळीत रेझिनचा. दोघांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. बॉल मधोमध मारला तर चॉक नसतानाही तो सरळ जाईल. पण स्क्रू करायचा (बॉल मागे आणायचा) किंवा साइड (आडवी फिरकी) द्यायची म्हणून टिप मध्यापासून दूर नेली, की बॉलच्या उतारावरून चामडं निसटू बघतं. घर्षण पुरं पडतं तोवर टिप बॉलला धरून राहते, कमी पडलं की मिसक्यू. चॉक नीट लावलेली टिप मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे 13 मिलिमीटरपर्यंत, नेता येते. त्यापलीकडे कुठलाच चॉक तारत नाही.

म्हणूनच ‘या चॉकमुळे जास्त स्पिन मिळतो’ असं दुकानदार सांगू लागला की मी विद्यार्थ्याला थांबवतो. स्पिन किती मिळणार हे टिप मध्यापासून किती दूर लागली आणि क्यू किती वेगात आला यावर ठरतं. चॉकचं काम एवढंच, की टिप घसरू नये. ती घसरली नाही, तर स्वस्त आणि महाग चॉकच्या स्पिनमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही.

ही पकड मिळवायला माणसाला बराच काळ लागला. फ्रान्समध्ये तुरुंगवास भोगलेल्या कॅप्टन मिंगो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूच्या टोकाला चामडं लावलं. इंग्लंडमध्ये बाथ इथल्या बिलियर्ड रूममध्ये जॅक कार नावाचा मार्कर होता. बॉलला साइड देणारी खास भुकटी म्हणून तो छोट्या डब्यांतून खडूची पूड विकायचा. आपल्या क्लबांमध्ये टेबलाची देखभाल करणाऱ्याला आजही मार्करच म्हणतात, आणि चॉकची पहिली मोठी गोष्ट एका मार्करच्या नावावर आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे अमेरिकेतला खेळाडू विल्यम स्पिंक्स याला फ्रान्सहून आलेला एक चॉक विलक्षण आवडला. त्याने तो शिकागोच्या विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाकडे तपासायला दिला, तेव्हा त्यात ज्वालामुखीजन्य खडकाचा अंश निघाला. दोघांनी सिलिका आणि कुरुंदासारख्या कठीण कणांचं मिश्रण तयार केलं आणि 1897 मध्ये पेटंट घेतलं. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकर जन्माला आलं ते 1875 मध्ये, म्हणजे त्याच्या 22 वर्षं आधी.

कठीण कण चामड्यात रुततात आणि बॉलला चावतात, म्हणून पकड येते. पण त्यातले काही बॉलवरच राहतात, आणि दुसरा अर्धा प्रश्न इथे सुरू होतो. दोन स्वच्छ बॉल एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्यात घर्षण अगदी थोडं असतं. आपण कट शॉटचा जो अंदाज बांधतो, तो या थोड्या घर्षणाची सवय होऊनच. नेमकं आदळण्याच्या जागी चॉकचा ठिपका आला, तर ते कित्येक पटींनी वाढतं. लाल बॉल किंचित उडी मारतो, ठरवल्यापेक्षा जाड लागल्यासारखा जातो, आणि पांढराही भलतीकडे थांबतो. हीच ती किक. ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळते: नेहमीच्या टणत्कारी ‘टक्’ऐवजी बसका, मेलेला आवाज. किकमागे चॉक हे एकमेव कारण नसेल, पण आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. रंगात आलेला ब्रेक खेळाडूचा काहीही दोष नसताना तिथे संपतो. स्पर्धेत रेफ्रीला बॉल पुसून द्यायला सांगण्याचा हक्क खेळाडूला आहे. माझे विद्यार्थी तो बिनदिक्कत वापरतात.

आता बाजारात काय मिळतं ते. अनेक दशकं स्नूकरवाल्यांचा चॉक म्हणजे हिरवा ट्रँगल. हिरवा अशासाठी, की हिरव्या कापडावर त्याचे डाग दिसत नाहीत. क्लबाच्या टेबलावर निळा चॉक आणणाऱ्याला मी परत पाठवतो. ट्रँगल टिपेवर छान बसतो, भरवशाचा आहे, आणि त्याच्या जुन्या, लेबलावर अमेरिकेचा झेंडा नसलेल्या तुकड्यांसाठी लोक अजून जादा पैसे मोजतात. पण त्याची पूड झडते. त्याच कारखान्याचा मास्टर मला अधिक कोरडा आणि कडक वाटतो. कामुई टिपेला घट्ट धरतो. पूलवाल्यांना तो प्रिय आहे, माझ्या हाताला मात्र त्याचा थर जाड होतो. गेल्या दशकात फिनलंडचा ताओम आला आणि व्यावसायिक खेळाडूंनी भराभर ट्रँगल सोडला. कारण त्याच्या पकडीत नव्हतं. तो बॉलवर आणि कापडावर फार कमी उरतो. एका ताओमच्या किमतीत ट्रँगलचा बारा तुकड्यांचा डबा येतो, हे खरं. तरी जो मुलगा स्पर्धा खेळतो, त्याला मी ताओमच घ्यायला सांगतो. हौसेने संध्याकाळी दोन फ्रेम खेळणाऱ्याला अस्सल ट्रँगल पुरतो, बॉल पुसायची सवय असेल तर.

माझं ऐकून घेऊ नका, स्वतः पारखा. पांढरा बॉल स्वच्छ पुसा, एक जोरकस स्क्रू मारा आणि तो उचलून उजेडात धरा. ठिपका केवढा आहे? कोरड्या फडक्याने एका फटक्यात जातो की घासावा लागतो? मग चॉक लावलेला क्यू काळ्या कागदावर हलकेच टेकवा आणि किती पूड पडते ते बघा. दोन चॉक शेजारी शेजारी असे तपासले की उत्तर मिळतं. टिप आणि चॉक एकाच वेळी मात्र बदलू नका. मग कशाने काय झालं ते कळत नाही.

लावण्याची पद्धतही निवडीइतकीच महत्त्वाची. बरेच जण चॉक टिपेवर ठेवून गिरमिटासारखा फिरवतात. त्याने चॉकच्या मध्ये खड्डा पडतो, पितळी फेरूल घासली जाते आणि टिपेच्या कडांना, जिथे खरी गरज असते तिथे, काहीच लागत नाही. टिप डोळ्यांसमोर धरा, क्यू सावकाश फिरवत चॉक कडांवरून हलका ओढा. पातळ, सलग थर हवा. हे टेबलापासून दूर उभं राहून करा आणि चॉक रेलवर न ठेवता खिशात ठेवा. टिप चकचकीत झाली असेल तर आधी पॉलिश पेपरने ती जराशी खरबरीत करावी लागते.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात या सगळ्याला आणखी एक पदर जोडला जातो. जुलैत कापड जड होतं, बॉल लवकर थांबतात, म्हणून खेळाडू जोर वाढवतो आणि मध्यापासून दूर मारू लागतो. म्हणजे चॉकची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच उघड्यावर राहिलेला चॉक वरून दाबल्यासारखा तुळतुळीत होतो. झाकणाच्या डबीत ठेवा. वरचा थर पॉलिश पेपरवर घासून काढला की खालचा ताजा लागतो.

क्लबांच्या समित्यांना माझी एक मागणी आहे. सगळ्या टेबलांवर एकाच प्रकारचा चॉक ठेवा, कारण माझ्या शिस्तीच्या विद्यार्थ्याला किक बसते ती अनेकदा आधीच्या गटाने बॉलवर सोडलेल्या चॉकची. बॉल रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले जावेत, कापड बॉकपासून काळ्या बॉलच्या बाजूला रोज ब्रश व्हावं. हे काम मार्करचं आहे, पण त्यासाठी वेगळा वेळ त्याला कुठेच मिळत नाही. खेळणारे उठले की दुसरे बसतात. सकाळचा पहिला तास टेबल बंद ठेवून तो मार्करला द्या, त्याच्या पगारात धरा.