अकराव्या वर्षीची चाळणी

१ मार्च. कुणाला कुठली माध्यमिक शाळा, ते आज इंग्लंडभर कळलं. आमच्या चिरंजीवांना मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळाली. आजी फोनवरूनच दृष्ट काढून मोकळी झाली.

शाळा सरकारी, फी शून्य. पण प्रवेश परीक्षेनंच. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर ही पद्धत देशभर रुजली, १९६५पासून बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली. १९९८च्या कायद्यानं नव्या ग्रामर शाळांना बंदीच घातली. उरल्या १६३, केंट, बकिंगहॅमशायरमध्ये मात्र अजून भक्कम.

आतली घडी मला आवडते. मुलं हाउसमध्ये विभागलेली. खेळ असो वा वादविवाद, गुण हाउसच्या खात्यात. मोठ्या वर्गातले प्रीफेक्ट धाकट्यांवर लक्ष ठेवतात. सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्म: विषय तीन-चारच, आणि अनेक शाळांत तिथं मुलीही येतात.

तरीही मन पुरतं खूश होत नाही. गरीब घरांतली मुलं या शाळांत फारच थोडी. आम्हाला खासगी शिकवणी परवडली. मुलानं मेहनत केली, त्याचं कौतुक आहेच; पण हुशारी कुठली आणि ऐपत कुठली, हे तो पेपर ओळखतो यावर माझा विश्वास नाही.